जुन्यातले काय ठेवले?

"जुन्यातलं काय काय आत ठेवलंय, काकू?" पशुवैद्याने हा प्रश्न अगदी सहज विचारला होता. तो चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहीत होता आणि माझ्याकडे पाहतही नव्हता. मी मात्र तपासणीला आलेल्या साहेबांना उत्तर द्यावे तशी पाठ ताठ करून म्हणाले, "काहीच नाही. सगळं नवं घेतलं. जुना पिंजरा तर फिनेलने घासून भंगारात देऊनसुद्धा टाकला." त्याचे लिहिणे थांबले. तो काही बोलला नाही. टेबलावरच्या वेताच्या टोपलीत अंग चोरून बसलेल्या आमच्या सशाच्या, शेवरीच्या, पाठीवरून त्याने एकदा हात फिरवला आणि पुन्हा लिहू लागला. तो रागावला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि गोष्ट तिथेच मिटली असती. त्याच्या त्या क्षणभराच्या गप्प राहण्याने मात्र माझ्या मनात एक कुसळ रुतले. पायमोज्यात शिरलेल्या गवताच्या कुसळासारखे ते दिसत नाही, पण पाऊल टाकले की टोचते.

शेवरी आमच्याकडे आली ती वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची दिल्लीला बदली झाली म्हणून. मुलाच्या वाढदिवसाला आणलेले ते पिल्लू दीड वर्षात चांगले मोठे झाले होते आणि मुलाची हौस तोवर फिटली होती. काटेसावरीच्या बोंडातून उन्हाळ्यात जो मळकट पांढरा कापूस उडतो, नेमका तोच तिचा रंग, म्हणून मी तिला शेवरी म्हणू लागले. तिच्यासोबत तिचा पिंजरा आला. तो दोन फूट लांब, दीड फूट रुंद, वरून उघडणारा होता. तळाला तारेची जाळी आणि जाळीखाली पत्र्याचा ट्रे. ती मागच्या पायांवर उभी राहू पाहायची तेव्हा तिचे कान छताला लागून दुमडायचे. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरांसारखी गादी नसते, नुसते दाट केस असतात, आणि तारेवर बसून बसून तिच्या टाचांवरचे केस झिजून खालची कातडी लाल झाली होती. आधीच्या मंडळींनी म्हणा किंवा त्यांच्या कामवाल्या मावशींनी म्हणा, एका कोपऱ्यात गोणपाटाचा तुकडा घातला होता. शेवरी चोवीस तास त्या तुकड्यावर बसे. तो तपकिरी झालेला, कडांना कुरतडलेला, वासाचा तुकडा मला डोळ्यांसमोर नको होई.

रात्री पलंगावर पडले की गॅलरीच्या दारातून तो पिंजरा दिसे, आणि आपण काहीतरी केले पाहिजे असे वाटून माझी झोप उडे. यजमान वीज मंडळात नकाशे काढण्याच्या कामात होते. निवृत्तीनंतर हातात काम मिळाल्याच्या आनंदात त्यांनी आलेखाच्या कागदावर आराखडा काढला. ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी झटणारी एक संस्था दोन सशांसाठी किमान 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच अशी सलग जागा सांगते, हे त्यांनी कुठेतरी वाचले, टेप घेऊन आमची झोपण्याची खोली मोजली आणि म्हणाले, "मग आपण दोघं गॅलरीत झोपू." अखेर सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच यावर तडजोड झाली. सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी अँगल आणि बारीक जाळी वापरून पिंजरा बनवून दिला. तळाला प्लायवूड, त्यावर नवी चटई, नवे मातीचे भांडे, गवतासाठी नवी घोडी, आणि जमिनीलगत समोरून उघडणारे दार. संक्रांत नुकतीच झाली होती. सशाला घामावाटे अंग थंड करता येत नाही, पारा तिशीच्या वर गेला की तो हैराण होतो, तेव्हा नाशिकचा उन्हाळा सुरू होण्याआधी तिला नव्या जागेत रुळू द्यावे, असा आमचा हिशोब होता. हिशोब चुकला नव्हता. बाकीचे बरेच काही चुकले होते.

त्या संध्याकाळी शेजारची चार मुले गोळा झाली. कुणी फोटो काढला, कुणी टाळ्या वाजवल्या, आणि मी शेवरीला दोन्ही हातांनी उचलून त्या सहा फुटांच्या बरोबर मध्यभागी ठेवले. ती उड्या मारील अशी आमची खात्री होती. ती चटईला इतकी चिकटली की तिच्या पोटाखाली कागदही सरकला नसता. कान पाठीवर घट्ट बसले, डोळ्यांच्या कडेला कधी न दिसणारी पांढरी रेघ दिसू लागली, आणि नाक एवढ्या वेगाने हलू लागले की बघणाऱ्याला धाप लागावी. मग ती सरपटल्यासारखी मागच्या कोपऱ्यात गेली आणि तिथे पाठ लावून बसली. मुले कंटाळून निघून गेली. कोथिंबिरीची जुडी सुकली. रात्री साडेअकराला पहिला आवाज आला, कुणी वरून नारळ टाकावा तसा धप्प. मागचा पाय जमिनीवर आपटून ससा धोक्याची सूचना देतो. ही सूचना बिळातल्या आपल्या गोतावळ्यासाठी असते. शेवरीने दुकानातला पिंजरा सोडल्यापासून दुसरा ससा पाहिलेला नव्हता, आणि तरी ती रात्रभर कुणाला तरी सावध करत राहिली. पहाटे यजमान कंदिलासारखा मोबाइल धरून गॅलरीत उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, एवढ्या जागेतली तिने बरोबर दोन फूट बाय दीड फूटच घेतली आहे."

सकाळी पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती.

ज्यांनी ससा पाळलेला नाही त्यांना या वाक्याची भीती कळणार नाही. सशाला उलटी होत नाही. त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते, आणि ते थांबले तर काही तासांत जिवावर बेतते. म्हणून ससा पाळणारी माणसे सकाळी उठून हजेरी घ्यावी तशी लेंड्या मोजतात. बारा तास खाणे नाही, लेंडी नाही, म्हणजे थांबायचे नाही, एवढे मला ठाऊक होते. आम्ही तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेले, आणि तिथे तो प्रश्न आला. पशुवैद्याने पोटाचे औषध दिले, सुईविना सिरिंजने गवताची पेज कशी भरवायची ते दाखवले, आणि निघताना म्हणाला, "औषध देतोय, पण आधी जुनं काही मिळतं का बघा. मिळेल ते चालेल."

भंगारवाल्याचे गोदाम शोधण्यात आमची दुपार गेली. मोडक्या सायकली, पंख्यांची पाती आणि कुणाच्या तरी पाळण्याच्या कड्या यांच्या ढिगावर आमचा पिंजरा उलटा पडला होता. मी त्याला तो 80 रुपयांना दिला होता; त्याने परत देताना 200 मागितले. मी घासाघीस करू लागले तेव्हा तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, देताना वजन असतं, घेताना वस्तू असते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पिंजरा मिळाला, पण त्याला फिनेलचा वास होता, आणि तो वास मीच मनापासून, दोनदा घासून लावलेला होता. गोणपाटाचा तुकडा तर घंटागाडीतून कधीच गेला होता. गॅलरीत आल्यावर मी कोमट पाण्याने तो पिंजरा धूत बसले आणि यजमान काही न बोलता तुळशीच्या कुंडीखालून एक वस्तू काढू लागले. पिंजऱ्याखालचा पत्र्याचा ट्रे त्यांनी भंगारात जाऊ दिला नव्हता. कुंडीतून झिरपणारे पाणी धरायला तो बरा, म्हणून त्यांनी तो न धुताच खाली सरकवला होता. त्यांच्या या सवयीवरून मी चाळीस वर्षे बोलत आले आहे. ट्रेच्या एका कोपऱ्यात पिवळट डागाचे जुने कवच तसेच होते आणि त्याला शेवरीचा वास होता.

सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला मागचे, बाजूचे आणि वरचे आभाळही दिसते. दिसत नाही ती नाकासमोरची वीतभर जागा. तिथला कारभार मिशा आणि नाक पाहतात. त्याच्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात, आणि ज्या वस्तूवर तो हनुवटी घासतो ती त्याच्या लेखी त्याची होते. म्हणजे ज्याला मी घाण समजत होते ते शेवरीचे हस्ताक्षर होते. दीड वर्षाचे लिहिलेले मी एका सकाळी पुसले आणि तिच्यापुढे सहा फुटांचा कोरा कागद ठेवला.

कोऱ्या कागदाचे मला नवल वाटायला नको होते. मी एकतीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. दुरेघी वहीत ज्यांचे अक्षर नीट बसते, त्यांना चित्रकलेच्या तासाला मोठा कागद दिला की त्यातली निम्मी मुले डाव्या कोपऱ्यात, खालच्या कडेला चिकटून, अंगठ्याएवढे घर काढतात. त्या घराला दार असते, कौले असतात, कधी तुळससुद्धा असते, आणि उरलेला कागद तसाच राहतो. "मोठं काढ, कागद वाया घालवू नकोस," हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेन याची गणती नाही. आमची शाळा जुन्या वाड्यातून नव्या इमारतीत गेली तेव्हा तर मी याहून वाईट वागले. वाड्यातला वर्ग इतका अरुंद होता की मुले गुडघ्याला गुडघा लावून बसत. नव्या वर्गात चाळीस मुले ऐसपैस बसली असती, पण पहिले कित्येक दिवस ती भिंतीकडेच्या अर्ध्या भागात तशीच दाटीवाटीने बसत आणि अर्धा वर्ग रिकामा राही. मी खडूने फरशीवर खुणा केल्या आणि एकेकाला नेऊन खुणेवर बसवले. त्यात एक मुलगा होता, तो त्या वर्षी महिनाभर पाठीवरचे दप्तर उतरवत नसे. लिहितानाही त्याचे दप्तर पाठीवरच असे. मी ते एकदा ओढून काढले होते. तो रडला नाही. दिवसभर एक हात मागे नेऊन पाठ चाचपत राहिला. हे मी इतकी वर्षे विसरले होते असे म्हणणे खोटे ठरेल. मला ते आठवण्याचे कारण पडले नव्हते, इतकेच.

शेजारच्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "माणसांचंही असंच असतं हो." मला ते फारसे पटले नाही. मुलाला समजावता येते. ही तुझीच शाळा आहे, उद्याही इथेच यायचे आहे, हे त्याला सांगता येते. शेवरीला उद्या सांगता येत नाही. तिची भीती तिच्या आयुष्यातून आलेलीही नाही, ती तिच्या कित्येक पिढ्या आधीची आहे. आणि ती समजायला मला आपल्या भाषेनेच थोडे अडवले. आपण मराठीत एकाच शब्दाने दोन वेगळे प्राणी ओळखतो. येवल्याकडच्या माझ्या आजोळी हरभऱ्याच्या शेतात पायापासून दोन हातांवर एकाएकी उसळी मारून जो पळे, तो आपल्या माळावरचा ससा. तो बीळ करत नाही, गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून उघड्यावर बसतो, आणि त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्माला येतात. आपल्या घरातले पाळीव ससे मात्र स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाच्या वंशातले. ते जमिनीखाली बिळांचे जाळे करून राहणारे. त्यांची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात, कारण त्यांच्या डोक्यावर मातीचे छप्पर असते. मी शेवरीसाठी मनात जो माळ धरून बसले होते तो दुसऱ्याच प्राण्याचा होता. तिच्या शरीराला छप्पर आणि अरुंद वाट म्हणजे घर आणि मोकळी जागा म्हणजे वर फिरणारी घार. ससेहोलपट हा शब्द मी वाक्यात उपयोग करून दाखवण्यासाठी मुलांना दरवर्षी देत असे. मोठा पिंजरा देऊनही ती करता येते, हे मात्र मला शिकायचे होते.

मग आम्ही पिंजऱ्यातच पिंजरा ठेवला. जुन्याचे वरचे झाकण बांधून टाकले आणि एका बाजूची जाळी कापून उंबऱ्यासारखी वाट केली. तारेच्या तळावर लाकडी फळी टाकली, तिच्यावर न धुतलेला ट्रे, ट्रेमध्ये वाळलेली हरळी. तिन्ही बाजूंनी माझ्या जुन्या सुती साडीचा पडदा. पाण्याचे भांडे पूर्वीसारखेच डाव्या हाताला. मऊ फडके तिच्या हनुवटीखालून फिरवून ते मी दाराच्या कडांना पुसले, म्हणजे फिनेलच्या वर तिचे काहीतरी लागेल. शेवरीला मी या वेळी उचलून आत ठेवले नाही. टोपली उंबऱ्याशी आडवी केली आणि बाजूला झाले. ती मिनिटभरात आत गेली, ट्रेचा तो डागाचा कोपरा हुंगत राहिली, आणि मग त्याच्यावर बसली. पेज तिला सिरिंजने भरवावी लागली, तीही तिने अर्धी माझ्या पदरावर थुंकली. रात्री सव्वानऊला पडद्याआड कुरकुर असा आवाज आला. हरळीची काडी दातांत आडवी जात होती. तो आवाज मी आणि यजमान अंधारात उभे राहून, एकमेकांकडे न पाहता, बराच वेळ ऐकत होतो. सकाळी सतरा लेंड्या होत्या, लहान आणि कोरड्या, पण सतरा. यजमानांनी आकडा आलेखाच्या कागदावर लिहिला आणि दुसऱ्या दिवशीच्या त्रेपन्नाशी तो रेघेने जोडला.

पुढचे दिवस मी गॅलरीत जमिनीवर बसून काढले. तिच्याकडे पाहायचे नाही, समोरून हात न्यायचा नाही, वरून तर नाहीच. मी भाजी निवडत असे किंवा काहीतरी वाचत असे. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचे पुढचे दोन पाय उंबऱ्याबाहेर आले आणि मागचे दोन आतच राहिले. तिचे अंग रबरासारखे इतके लांबले की ती एवढी लांब आहे हे मला तेव्हाच कळले. हवेतल्या एखाद्या बारीकशा आवाजाने ती तशीच्या तशी मागे आत जाई. अशा अर्ध्या बाहेर येण्यात तिचे तीन दिवस गेले. मग तिने उंबऱ्यावर हनुवटी घासली, नंतर नव्या भांड्याच्या कडेवर, आणि एका संध्याकाळी माझ्या चपलेच्या अंगठ्यावर. त्याच आठवड्यात संक्रांत होऊन गेली तरी पतंग उडवतच असलेल्या कुणाचा तरी पतंग कटून आमच्या ग्रिलला येऊन फडफडला. त्याची सावली पिंजऱ्यावरून गेली आणि शेवरी दोन दिवस जुन्या पिंजऱ्याबाहेर आली नाही. मी त्या दोन दिवसांत फार वाईट मनःस्थितीत होते, आणि ते तिच्या काळजीपोटी होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तिने आनंदी व्हावे याची मला घाई झाली होती. ती त्या सहा फुटांत उड्या मारील तेव्हाच माझा तो दोनदा घासलेला पिंजरा मला माफ होणार होता, आणि ती काही माझ्या सोयीने उड्या मारत नव्हती.

अखेर तिने उडी मारली ती मी झोपलेली असताना. ससा फार खुशीत आला की धावता धावता हवेत उसळतो आणि तिथल्या तिथे अंगाला पीळ देतो. यजमान पहाटे दूध घ्यायला उठले होते, त्यांनी ते पाहिले आणि चहाच्या वेळी आपला हात वाकडातिकडा करून मला दाखवले. मी म्हणाले, "मला उठवायचं होतंत." ते म्हणाले, "उठवलं असतं तर तिनं थांबवलं असतं." हे खरे होते आणि मला त्याचा राग आला. त्यानंतर कित्येक पहाटे मी दाराआड उभी राहिले. ती धावते, वळते, गवत ओढते, दारातून गॅलरीभर हिंडूनही येते. ती उडी मात्र तिने मला अजून दाखवलेली नाही.

आता एप्रिल लागला आहे. दुपारी आम्ही बर्फ केलेली पाण्याची बाटली जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून मोठ्या पिंजऱ्यात ठेवतो, आणि शेवरी तिला टेकून, पाय मागे सोडून, एका कुशीवर आडवी पडते. जुना पिंजरा आतच आहे. त्यामुळे सहा फुटांतले दोन फूट गेले, हा यजमानांचा हिशोब बरोबर आहे, पण ते आता तसे म्हणत नाहीत. दर रविवारी मी ट्रे धुते, तीन कोपरे घासते आणि चौथा ठेवते. एकतीस वर्षे मुलांची नखे तपासलेल्या बाईला हे सोपे जात नाही. ब्रश हातात असला की हात आपोआप तिकडे वळतो.

काल खालून भंगारवाल्याची आरोळी आली. शेवरीने एकदा धप्प केले आणि ती पडद्याआड गेली. मी ग्रिलमधून वाकून पाहिले तर त्याने वर पाहत विचारले, "मावशी, तो पिंजरा द्यायचा का परत? आता भाव वाढलाय." मी नको म्हणून हात हलवला. चहा संपत आला तेव्हा पडद्याखालून आधी मिशा आल्या, मग नाक, आणि मग पुढचे दोन पाय. मी कप खाली ठेवला नाही, आवाज झाला असता.